खांद्यावरचा पट्टा

जानेवारीच्या 2 आणि 3 तारखेला जपानमधली कोट्यवधी माणसं सकाळीच टीव्हीसमोर बसतात आणि विद्यापीठातल्या पोरांना पळताना बघतात. दोन्ही दिवस, पाच-पाच तास! ही हाकोने एकिदेन, म्हणजे लांब पल्ल्याची रिले. टोकियोच्या ओतेमाची भागातून निघायचं, हाकोनेच्या डोंगरातल्या आशी तळ्यापर्यंत पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. एकूण 217.1 किलोमीटर, दहा टप्पे, दहा धावपटू. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धमॅरेथॉन येते.

2025 साली आओयामा गाकुइन विद्यापीठाने हे अंतर 10 तास 41 मिनिटं 19 सेकंदांत कापलं. भागाकार केला तर किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा पडत नाहीत, आणि त्यात डोंगरही आला.

या रिलेत बॅटन नसतो. असतो कापडी पट्टा, तासुकी. प्रत्येक विद्यापीठाचा रंग वेगळा. जानव्यासारखा खांद्यावरून तिरका घालायचा. टप्पा संपत आला की धावपटू तो काढतो, हाताला गुंडाळतो आणि शेवटच्या पावलांना दोन्ही हातांत ताणून पुढच्याच्या हाती देतो. मग कोणी तिथेच कोसळतो, कोणी मागे वळून रस्त्याला वाकून नमस्कार करतो. दहाव्या टप्प्यापर्यंत त्या पट्ट्यात नऊ जणांचा घाम मुरलेला असतो.

आता यातला निष्ठुर नियम. पहिला संघ फार पुढे गेला, तर मागच्यांसाठी रस्ता अडवून ठेवता येत नाही. पट्टा देण्याच्या सुरुवातीच्या दोन ठिकाणी 10 मिनिटं, परतीच्या वाटेवर 20 मिनिटं. तेवढ्यात आपला गडी आला नाही, तर पुढच्याला त्या पट्ट्याविनाच सोडतात. बदली पट्टा घालून. कधी कधी मागचा जीव तोडून येत असतो, अवघ्या काही पावलांवर असतो, आणि समोरून साथीदार निघून जातो. हरण्याहून हे दुःख मोठं मानतात, आणि त्या पोरांचे चेहरे बघितले की ते पटतं.

सगळ्यात थरारक पाचवा टप्पा. समुद्राजवळून सुटलेला रस्ता वळणं घेत 874 मीटर उंचीपर्यंत चढतो. 2009 साली तोयो विद्यापीठाच्या र्‍यूजी काशिवाबाराला इथे पट्टा मिळाला तेव्हा त्याचा संघ नववा होता, पहिल्यापेक्षा 4 मिनिटं 58 सेकंद मागे. पहिल्या वर्षाचा पोरगा. आशी तळ्यापाशी पोचला तेव्हा तो पहिला होता! तोयोने त्या वर्षी पहिल्यांदाच स्पर्धा जिंकली, आणि लोक त्याला 'डोंगराचा देव' म्हणू लागले. 2011 मध्येही पहिल्या दिवसाअखेर तोच पुढे होता, पण परतीच्या वाटेवर वासेदा विद्यापीठाने तोयोला गाठलं. साऱ्या स्पर्धेअखेर फरक पडला 21 सेकंदांचा.

हे सुरू झालं 1920 साली, फक्त चार संघांनिशी. कल्पनेमागे होते शिझो कानाकुरी, 1912 च्या ऑलिंपिकमध्ये उन्हाने बेजार होऊन मॅरेथॉन अर्धवट सोडलेले धावपटू. एकट्यादुकट्याने नाही, तर झुंडीने धावपटू घडवायला हवेत, हा त्यांचा ध्यास. 1920 च्याच ऑगस्टमध्ये ते अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये पळाले आणि सोळावे आले. त्यांच्या मागून साधारण दोन मिनिटांनी एकोणिसावा आला तो आपल्या बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. हाकोनेच्या जनकामागे तिसऱ्याच नंबरावर बेळगावकर, हे वाचून मी तर उडालोच.

पहिल्या दहा संघांना पुढच्या वर्षी थेट प्रवेश मिळतो, त्यामुळे दहाव्या नंबराची मारामारी पहिल्यापेक्षा चुरशीची. 2011 साली तीन जागांसाठी चौघे जण एकत्र शेवटच्या रस्त्यावर आले. कोकुगाकुइन विद्यापीठाचा धावपटू कॅमेऱ्याच्या गाडीमागोमाग भलत्याच वळणावर शिरला, लक्षात येताच उलटा फिरला आणि जिवाच्या आकांताने पळत जोसाई विद्यापीठाच्या धावपटूला 3 सेकंदांनी मागे टाकून दहावा आला. जोसाईला ऑक्टोबरच्या पात्रता फेरीत उतरावं लागलं. तिथून ते पुढच्या हाकोनेला आले आणि चक्क सहावे ठरले. कोकुगाकुइन? पुन्हा दहावेच.