घरगुती बिअर गोड कां होते?



इंग्लंडमध्यें घरीं बिअर करण्यास लागणारा परवाना १९६३ सालीं रद्द झाला, आणि तेथील कित्येक स्वयंपाकघरांत हा उद्योग सुरू झाला. महाराष्ट्रांत परवान्यावांचून मद्य तयार करण्यास १९४९ च्या कायद्यानें बंदी आहे. तेव्हां आजचा विषय कृतीचा नसून रसायनशास्त्राचा आहे. कित्येक आठवडे वाट पाहून बाटली उघडावी, आणि कडवट पेयाऐवजीं गुळचट पेय हातीं यावें, असें कां घडतें?

बिअरचा पाया जव. जवाला मोड आणून तो वाळवितात, भरडतात व तासभर गरम पाण्यांत ठेवतात. मोड येतांना तयार झालेलीं एन्झाइमें जवांतील पिष्टाचे तुकडे पाडून त्याची साखर बनवितात. हा रस गाळून, हॉपच्या फुलांसह उकळून व निववून त्यांत यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातें आणि मद्यार्क व कर्बद्विप्राणिद वायु निर्माण करतें. अर्थात् बिअर गोड लागली तर साखर उरली असली पाहिजे, नाहीं तर तिला तोल देणारा कडवटपणा कमी पडला असला पाहिजे.

बहुधा दोष यीस्टकडे असतो. तें जुनें असेल, थोडें असेल, किंवा थंडीनें रसाचें उष्णमान १० अंशांपर्यंत उतरलें असेल, तर तें सुस्तावून तळाशीं बसतें आणि साखर तशीच राहते. शिवाय उकळल्यानें रसांतील प्राणवायु निघून जातो. निवलेला रस नीट घुसळला नाहीं तर यीस्टची वाढ खुंटते.

दुसरें कारण पाण्याच्या उष्णमानांत. सुमारें ६३ ते ६५ अंश सेंटिग्रेडला यीस्टला पचणारी साखर विपुल होते. पाणी ७० अंशांपलीकडे गेलें कीं ती साखर बनविणारें मुख्य एन्झाइम लवकर नष्ट होतें, आणि यीस्टला न पचणारीं डेक्स्ट्रिनें उरतात. तीं स्वतः फारशीं गोड नसतात. पण पेयाला जडपणा आणतात, व जिभेला तो गोडव्यासारखा भासतो.

तिसरें कारण हॉपचें. कारल्याच्या भाजींत गूळ तेवढाच ठेवून कारलींच कमी केलीं तर भाजी गोड होईल. तसेंच हें आहे.

दोष कोठला, हें गुरुत्वमापकानें कळतें. आरंभीं १.०५० असलेलें विशिष्ट गुरुत्व शेवटीं सुमारें १.०१२ पर्यंत उतरावें. तें उतरूनही गोडी वाटली, तर हॉप कमी पडलें असें समजावें. तें १.०२५ वरच अडलें, तर थोडा नमुना वेगळा काढून त्यांत भरपूर ताजें यीस्ट घालावें व तो उबेंत ठेवावा. आंकडा उतरला, तर पहिलें यीस्ट दुबळें होतें. न उतरला, तर दोष गरम पाण्याचा.

ही परीक्षा केवळ चवीपुरती नाहीं. पचण्याजोगी साखर शिल्लक असतांना बिअर बाटल्यांत भरली, तर यीस्ट पुढें केव्हां तरी जागें होतें, वायु कोंडतो आणि कांच फुटून माणसें जखमी होतात. म्हणून अडलेल्या रसाला ऊब व ताजें यीस्ट द्यावें, आणि गुरुत्व अपेक्षित आंकड्यापर्यंत उतरून तीन दिवस स्थिर राहिल्यावांचून बाटलीला बूच लावूं नये.