अंगणाची फरसबंदी : दगडाची निवड आणि खर्चाचा हिशेब

घराला लागून असलेली, वरून मोकळी आणि खाली फरसबंद केलेली बसण्याउठण्याची जागा अलीकडच्या नकाशांत ‘पॅटिओ’ या नावाने दाखविली जाते. हा शब्द मूळचा स्पॅनिश असून घराच्या आतील अंगण असा त्याचा अर्थ आहे. मराठी मुलखाला ही कल्पना नवी नाही. वाड्याच्या चौकात दगडी फरस असे आणि पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून त्याला एका बाजूस ढाळ दिलेला असे. साध्या घरापुढील अंगण मात्र धुमसलेल्या मातीचे असून ते सडासारवणाने राखले जाई. चौकाला एकदाच मोठा खर्च येई. अंगणाला खर्च जवळजवळ नसे, परंतु रोजचे श्रम लागत आणि ते बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. आज अंगण आखणाऱ्याला या दोहोंमधला मार्ग हवा असतो. खर्च बेताचा असावा आणि रोजचे श्रमही वाचावेत, अशी त्याची अपेक्षा असते.

ही अपेक्षा घेऊन तो बाजारात जातो तेव्हा त्याचा प्रश्न सामान्यतः एकच असतो : कोणती फरशी चौरस फुटास स्वस्त पडते? वस्तुतः फरशीची किंमत आणि फरसबंदीचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. दगड, त्याची वाहतूक, त्याखालील भराव आणि गवंड्याची मजुरी या चारही अंगांनी मिळून खर्च सिद्ध होतो. यांपैकी दगडाचा दर तेवढा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असतो आणि भराव हे अंग काम संपताच दृष्टीआड होते. फरसबंदी बिघडते ती बहुतेक वेळा या दृष्टीआड झालेल्या अंगामुळे. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा विचार म्हणूनच दगडाच्या दरापाशी थांबून चालत नाही.

१. दगड कोठून येतो

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण अतिशय टणक असतो. पण गाळ साचून तयार झालेल्या खडकाप्रमाणे त्यात पातळ थर नसतात. त्याची फरशी हवी असेल तर पाथरवटाला ती टाकीने घडवावी लागते किंवा यंत्राने कापावी लागते. वाड्यांच्या चौकात दिसणारे दगड जाड असतात, त्याचे कारण हेच होय. त्यांची मजबुती निर्विवाद असली तरी घडाईची मजुरी बेताच्या अंदाजपत्रकात बसणे कठीण असते.

याउलट चुनखडीचा दगड समुद्रतळाशी थराथरांनी साचलेला असतो. त्याच्या काही जातींत हे थर इतके सपाट व सुटे असतात की छिन्नी आणि पहारेच्या साहाय्याने खाणीतच फरश्या उकलता येतात. अशा दगडाचे मोठे साठे लाव्हारसाच्या प्रदेशाबाहेर आहेत. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद आणि तेलंगणातील तांदूर ही गावे भीमा खोऱ्यातील चुनखडीच्या पट्ट्यात येतात. आंध्र प्रदेशातील कडप्पाची काळी फरशी आणि राजस्थानातील कोटा व रामगंज मंडी परिसरातील हिरवट वा तपकिरी फरशी हीदेखील चुनखडीचीच होय. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरपर्यंतचा लोहमार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि शहाबाद त्याच मार्गावर असल्याने हा जड माल पश्चिमेकडे आणणे सुकर झाले. पुण्यामुंबईच्या चाळींत, शाळांत आणि घरांच्या ओसऱ्यांत शहाबादी फरशी इतकी रुळली, तिच्यामागे दगडाचा गुण आणि वाहतुकीची सोय अशी दोन्ही कारणे आहेत.

कोकण आणि गोव्यात परिस्थिती निराळी आहे. तेथे जांभा जवळच मिळतो. तो सच्छिद्र असल्याने थोडे पाणी पिऊन घेतो. परंतु त्याच गुणामुळे पावसाळ्यात त्यावर शेवाळही लवकर धरते. तथापि दुरून आणलेल्या दगडाचे भाडे ध्यानात घेता जवळच्या दगडाला प्रथम पसंती द्यावी, हा नियम तेथेही लागू पडतो.

२. उघड्या जागेच्या कसोट्या

घरातील जमिनीसाठी उत्तम ठरलेली फरशी अंगणात उत्तम ठरेलच असे नाही. उघड्या जागेवर ऊन, पाऊस आणि शेवाळ यांचा मारा होतो. यास्तव तीन कसोट्या प्रथम लावावयास हव्यात.

पहिली कसोटी घसरण्याची. पॉलिश केलेला कोटा, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल किंवा घोटून चकचकीत केलेला कडप्पा पाऊस पडताच निसरडा होतो. घरातील वृद्ध माणसाचा पाय तेथे घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर फरशीत वाचविलेले पैसे क्षुल्लक ठरतात. सुदैवाने येथे सुरक्षितता आणि काटकसर एकाच बाजूस आहेत : खाणीतून उकललेल्या नैसर्गिक पृष्ठाची, पॉलिश न केलेली फरशी अधिक खरबरीत असते आणि पॉलिशचा खर्चही वाचतो. सिमेंटच्या चौकड्यांच्या टाइलही याच कारणाने उघड्यावर उपयोगी पडतात.

दुसरी कसोटी उष्णतेची. गडद रंगाचा दगड सूर्याची उष्णता अधिक शोषून घेतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काळ्या कडप्प्यावर दुपारी अनवाणी उभे राहणे अशक्य होते. फिकट करड्या किंवा पिवळसर शहाबाद-तांदूर फरश्या त्या मानाने सोसतात.

तिसरी कसोटी दगडाच्या एकजिनसीपणाची. चुनखडीच्या थरांमध्ये कधी मातीचे बारीक पापुद्रे अडकलेले असतात. पाणी त्यांत शिरले की फरशीचे पोपडे सुटू लागतात. म्हणून फरशीची कड नीट पाहावी. फरशी भिजवून वाळू दिली असता मातीच्या पापुद्र्याची रेघ बहुधा दगडापेक्षा उशिरा सुकते आणि त्यामुळे ओळखू येते. एका कडेवर उभी धरून लाकडी ठोकळ्याने ठोकल्यास चांगल्या फरशीचा आवाज खणखणीत येतो, तर चिरलेल्या फरशीचा बद्द. याशिवाय चुनखडीवर आम्लाची क्रिया होते हे विसरता कामा नये. लिंबू, चिंच किंवा स्वच्छतेसाठी वापरले जाणारे अॅसिड यांनी तिचा पृष्ठभाग खाल्ला जातो. शेवाळ काढावयाचे ते कुंच्याने घासून, अॅसिडने नव्हे.

३. फरशीच्या खाली

फरशीची जाडी किती असावी, या प्रश्नाचे उत्तर तिच्याखाली काय आहे यावर अवलंबून असते. खाली पोकळी असेल तर पाय पडताच फरशी तुळईप्रमाणे वाकू पाहते. तिची वाकण्याला तोंड देण्याची शक्ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एक इंचाऐवजी दीड इंचाची फरशी घेतली तर वजन दीडपट होते आणि शक्ती सव्वादोन पट. परंतु फरशी सर्वांगाने टेकलेली असेल तर वाकण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. तिच्यावर केवळ दाब येतो आणि दाब सोसण्यात दगड कमी पडत नाही. याचाच अर्थ असा की पक्क्या भरावावर बसविलेली पातळ फरशी कच्च्या भरावावरील जाड फरशीपेक्षा अधिक टिकते.

येथे एका प्रचलित पद्धतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. काम लवकर उरकावे आणि सिमेंट वाचावे म्हणून काही ठिकाणी चार कोपऱ्यांत व मध्ये मालाचे गोळे ठेवून त्यांवर फरशी दाबली जाते. वरून काम सुबक दिसते. पण गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यांत पाणी आणि मुंग्या शिरतात आणि पुढे नेमक्या त्याच जागी फरशी तडकते. सबंध फरशीखाली एकसारखा माल पसरूनच ती बसवावी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फरशी ठोकून पाहावी आणि बद्द वाजणारी लगेच उचलून पुन्हा बसवावी.

भरावाचे स्वरूप जमिनीवर अवलंबून असते. मुरमाड जमिनीत वरची भुसभुशीत माती काढून मुरूम पाणी मारून धुमसला, त्यावर खडीचा वा काँक्रीटचा थर दिला की बैठक तयार होते. काळ्या कापसाच्या जमिनीचे मात्र तसे नाही. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडे देते. तिच्यावरील काँक्रीटही तिच्याबरोबर हलते. अशा ठिकाणी दोन मार्ग संभवतात. एक म्हणजे ती माती पुरेशा खोलीपर्यंत काढून तेथे मुरूम भरणे. दुसरा म्हणजे मोठ्या फरश्यांचा आग्रह सोडून वाळू किंवा कच यांच्या थरावर सिमेंटचे लहान पेव्हर ब्लॉक बसविणे. जमीन हलली तरी हे ब्लॉक न फुटता खालीवर होतात आणि तेवढाच भाग उचलून पुन्हा सारखा करता येतो. केवळ पायी वावर असेल तर ५० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक पुरतात. मात्र चारी बाजूंना पक्का कडेचा दगड हवा. तो नसेल तर ब्लॉक हळूहळू पसरतात आणि सांधे उघडे पडतात.

४. मापाचा मेळ

खर्च कमी करण्याचा एक मार्ग असा आहे की ज्यात गुणवत्तेला अजिबात बाध येत नाही. तो म्हणजे फरशीच्या मापाप्रमाणे अंगणाचे माप ठरविणे.

प्रथम दर कोणत्या मापावर आहे हे विचारावे. २४ इंची म्हणून मोजलेली चौरस फरशी कडा सरळ केल्यावर २२ इंच भरली, तर ५७६ ऐवजी ४८४ चौरस इंचच पदरात पडतात. म्हणजे सुमारे १६ टक्के क्षेत्र घटते आणि खरा दर सुमारे १९ टक्क्यांनी चढतो.

आता २० फूट लांब व १५ फूट रुंद अंगणाचे उदाहरण घेऊ. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, म्हणजे गवंड्याच्या भाषेत ३ ब्रास. फरशी २२ इंचांची आणि सांधा अर्ध्या इंचाचा धरला तर प्रत्येक फरशी २२.५ इंच जागा व्यापते. रुंदीत अशा ८ फरश्या बरोबर बसतात. लांबीत १० फरश्यांनी १८ फूट ९ इंच भरतात आणि १५ इंच उरतात. हे १५ इंच भरण्यासाठी फरश्यांची एक ओळ कापावी लागेल. कापाईची मजुरी आणि वाया जाणारे तुकडे यांचा भार पडेल. त्याऐवजी घरापासून दूरच्या कडेला ही १५ इंची पट्टी मातीचीच ठेवली तर ८० अखंड फरश्यांत काम पुरे होते. कापणे टळल्याने धूळही टळते. दगडाची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते आणि वालुकाश्मासारख्या सिलिकायुक्त दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा दुर्धर विकार जडतो. म्हणून जे थोडे कापणे अपरिहार्य असेल ते पाणी सोडूनच करावे. कामगाराचे आरोग्य हा काटकसरीचा विषय होऊ शकत नाही.

या मातीच्या पट्टीचा आणखी एक उपयोग आहे. घरापासून तिच्याकडे ६० फुटांस एक फूट या प्रमाणात ढाळ दिला तर १८ फूट ९ इंचांत पावणेचार इंचांचा उतार पडतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला असता या फरसबंदीवर सुमारे २६०० लिटर पाणी पडते. ढाळ उलटा असेल तर हे पाणी घराच्या पायाशी जाते. ढाळ नीट असेल तर त्यातील काही पट्टीत मुरते, तेथील झाडांना मिळते आणि उरलेले बाहेर वाहते. सांध्यांत सिमेंट न भरता कच भरला किंवा हरळी वाढू दिली तर आणखी थोडे पाणी मुरते. मात्र त्यासाठी खालचा थरही पाणी झिरपू देणारा, म्हणजे काँक्रीटऐवजी खडी व वाळूचा असावयास हवा.

वजनाचाही हिशेब करावा. २२ इंची, एक इंच जाड चुनखडीची फरशी सुमारे २० ते २१ किलो भरते. अशा ८० फरश्यांचे वजन साडेसोळाशे किलोंच्या आसपास होते. जाडी दीड इंच केल्यास ते जवळजवळ अडीच हजार किलोंवर जाते आणि वाहतूक व उचल त्या मानाने वाढते. पक्क्या भरावावर पातळ फरशी पुरते, या विधानाचे आर्थिक मर्म येथे स्पष्ट होते.

५. खर्चाचा खरा हिशेब

अंदाजपत्रकाची तुलना आरंभीच्या रकमेवर न करता वर्षाकाठी पडणाऱ्या खर्चावर करावी. केवळ उदाहरणादाखल, १०० रुपयांचे काम ५ वर्षांत उखडले तर ते वर्षाला २० रुपयांना पडते. १५० रुपयांचे काम १५ वर्षे टिकले तर १० रुपयांना. शिवाय उखडलेले काम पुन्हा करताना मजुरी आणि भराव यांचा खर्च सबंध करावा लागतो. फक्त शाबूत राहिलेल्या फरश्या तेवढ्या वाचतात. वाचते ते दगडाचे मोल आणि बुडतो तो भरावाचा व श्रमाचा खर्च, ही गोष्ट निवड करताना पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही.

सारांश, पैसे कमी असतील तर पॉलिश सोडावे, दुरून येणारा दगड सोडावा, अनावश्यक जाडी सोडावी, कापाकापी सोडावी. आणि एवढे करूनही भागत नसेल तर फरसबंदीचे क्षेत्र कमी करून उरलेले अंगण मातीचे ठेवावे. भराव, ढाळ आणि सर्वांगाने टेकलेली बैठक या तीन गोष्टींत मात्र कपात करू नये. पैसा पुढे हाती आला तर चांगल्या बैठकीच्या कडेने फरसबंदी केव्हाही वाढविता येते. बैठकच कच्ची राहिली असेल तर मात्र आधी केलेले काम उखडूनच नव्याने आरंभ करावा लागतो.