कुपोल्याचा वारा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम पाहायला लोक जातात ते वितळलेल्या बिडाचा रस बाहेर पडायच्या वेळी. त्याच्या दोन-तीन तास आधी जावं. भट्टी लावण्यातच खरं कसब आहे.

ही भट्टी, म्हणजे कुपोला, लोखंडी पत्र्याचं उभं, उंच नळकांडं असते. आतून अग्निविटांचं अस्तर, तळाला झडपा आणि त्यांवर ठोकून बसवलेली वाळू. त्यावर लाकडं पेटवून कोकचा थर चढवतात. तो नीट लाल झाल्याशिवाय बीड आत जात नाही. मग वरच्या दारातून भर सुरू होते: कोक, मोडीचं बीड, चुनखडी, पुन्हा कोक. उसाच्या जुन्या चरकाचे आणि ऑइल इंजिनांचे तुकडेही या मोडीत दिसतात.

चुनखडीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, पण भट्टी मोकळी ठेवते ती तीच. कोकची राख आणि बिडाला चिकटलेली वाळू तिच्यामुळे पातळ होते. मळी होऊन ती रसावर तरंगते आणि वरच्या भोकातून निघून जाते.

बाकी सगळा खेळ वाऱ्याचा. ब्लोअरची हवा तळाजवळच्या तोंडांतून आत शिरते. तिथल्या झरोक्याला निळी काच लावून भट्टीवाले मामा आत बघतात. वारा कमी पडला की रस थंड येतो. जास्त झाला की लोखंडच जळायला लागतं. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असल्याने त्याला १२००च्या आसपासची उष्णता पुरते. तरीही रस १४००च्या वर लागतो, कारण लेडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, आणि साच्यापर्यंत नेताना तो निवत जातो. निवलेला रस पंपासारख्या वस्तूच्या पातळ भिंतीपर्यंत पोचत नाही, कास्टिंग अर्धवट राहतं.

लेडल आधी भाजून घेतात. ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होऊन रस उसळतो. सळईने भट्टीचं खालचं भोक फोडलं की पांढरट पिवळी धार लागते. लेडल भरली की दुसऱ्या सळईच्या टोकावरचा मातीचा गोळा भोकात दाबायचा. हात कचरला तर धार थांबत नाही. मामांचा हात कचरताना मी पाहिला नाही.

आता बहुतेक ठिकाणी इंडक्शन भट्ट्या आहेत. धूर नाही, तापमान आकड्यांत दिसतं. कामगारांच्या छातीसाठी हे फार चांगलं झालं. पण झरोक्यातून वारा ओळखणारी नजर कुठेतरी शिकवली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ओतणं संपलं की ब्लोअर बंद करून झडपा पाडतात. उरलेला कोक आणि मळी धडाडत खाली येते. पाणी मारून ढीग विझवतात आणि जळायचा राहिलेला कोक पुढच्या भरीसाठी वेचून ठेवतात.