सुकाणूवाचून सागरापार

पावसाळ्यात अंगणातल्या ओहोळात कागदी होडी तुम्ही कधी ना कधी सोडली असेलच. ती दहा-वीस पावले जाते, एखाद्या काडीला अडकते, भिजून तिचा लगदा होतो आणि खेळ संपतो. आता अशी एक होडी मनात आणा, की जी शाळेतल्या मुलांनी तयार केली, अटलांटिक महासागरात सोडली आणि जी ४६२ दिवसांनी दुसऱ्या खंडाच्या किनाऱ्याला जाऊन लागली. तिच्यावर खलाशी नव्हता, इंजिन नव्हते आणि सुकाणूही नव्हते. ही कल्पित कथा नाही.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात समुद्रकाठी राय नावाचे गाव आहे. मेन राज्यातील ‘एज्युकेशनल पॅसेजेस’ ही संस्था २००८ सालापासून शाळांना लहान बोटींचे सुटे भाग पुरवते. राय येथील शाळेने असा एक संच घेतला. मुलांनी जेमतेम ६ फूट लांबीची ही बोट सजवली आणि तिचे नाव ठेवले ‘राय रिपटाइड्स’. आतल्या बंद कप्प्यात त्यांनी छायाचित्रे, पानगळीतली पाने, ओकची फळे, काही नाणी आणि आपल्या सह्या केलेली एक मुखपट्टी ठेवली. मुखपट्टी कशाला, हे तुम्हांला सांगायला नको. ते कोव्हिडच्या साथीचे वर्ष होते. २५ ऑक्टोबर २०२० रोजी ‘कॉर्विथ क्रेमर’ या शिडाच्या जहाजावरून ही बोट समुद्रात सोडण्यात आली.

जहाजावरून का? गावच्या पुळणीवरून ढकलली असती तर? किनाऱ्याजवळच्या लाटा आणि समुद्राकडून येणारा वारा कोणतीही तरंगती वस्तू पुन्हा काठाला आणून टाकतात. मृगानंतर कोकणच्या किनाऱ्यावर नारळ टाकून पाहा, तो तुमच्याच पायाशी परत येईल. म्हणून अशी बोट आधी खुल्या समुद्रात न्यावी लागते.

खुल्या समुद्रात पहिला प्रश्न येतो तो उलटण्याचा. मोठी लाट सहा फुटी बोट सहज आडवी करील. तिला सरळ कोण करणार? उत्तरासाठी एक प्रयोग करा. अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या आणि झाकण घट्ट लावून ती मोठ्या बादलीत आडवी तरंगत ठेवा. बोटाने फिरवा, ती कशीही गडगडते, वरची बाजू कोणती हे तिला ‘कळत’ नाही. आता एका लहान फूटपट्टीच्या टोकाला चार-पाच लोखंडी नट बांधा. पट्टीचे दुसरे टोक बाटलीच्या मध्यावर रबरांनी घट्ट आवळा, म्हणजे नट बाटलीच्या खाली पाण्यात राहतील. बाटली पुन्हा फिरवा. सोडताच ती झोके खाऊन सरळ होईल.

असे का होते? वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, तर पाण्याचे उत्प्लावन बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. नटांमुळे गुरुत्वमध्य त्या दुसऱ्या बिंदूच्याही खाली गेला. बोट कलली की ही दोन बले एका रेषेत राहत नाहीत. त्यांचे बलयुग्म तयार होते आणि ते बोटीला उभे करते. बोट पार आडवी झाली की बलांमधील अंतर सर्वांत जास्त, म्हणून सरळ करणारे आघूर्णही सर्वांत जास्त. राय रिपटाइड्सच्या तळाखाली असाच एक जड पंखा होता. त्याला कील म्हणतात.

दुसरा प्रश्न दिशेचा. या बोटींचे लहानसे शीड पुढच्या बाजूला असते. वारा शिडाला ढकलतो; मागचा भाग पाण्याच्या विरोधामुळे रेंगाळतो. त्यामुळे बोटीचे नाक आपोआप वारा वाहत जाईल त्या दिशेला वळते. घराच्या छपरावरचा वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो, ही बोट वाऱ्याकडे पाठ करते, एवढाच फरक. वाऱ्याच्या जोडीला पाण्याचे प्रवाह असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह ईशान्येकडे जातो आणि त्याच्या पुढच्या शाखा थेट नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात.

थोडे गणित करू. बोटीने सुमारे १३,३०० कि.मी. प्रवास केला. भागिले ४६२ म्हणजे दिवसाला साधारण २९ कि.मी., ताशी १.२ कि.मी. शाळेला उशीर झालेला मुलगा याच्या पाचपट वेगाने चालतो! शिवाय राय ते नॉर्वे हे पृथ्वीच्या पृष्ठावरचे सरळ अंतर सुमारे ५,३०० कि.मी. आहे. म्हणजे बोट अडीचपट भटकली. समुद्रातले प्रवाह रुळांसारखे नसतात. त्यांना वळणे असतात, भोवरे असतात.

बोट कोठे आहे हे मुलांना कसे कळत होते? येथे एक गैरसमज दूर करू. जीपीएसचे उपग्रह आपल्याला पाहत नसतात. ते फक्त वेळेचे संकेत पाठवतात. त्यांवरून आपले स्थान काढतो तो बोटीवरचा ग्राहक. ते स्थान शाळेला कळवायचे तर बोटीला स्वतः दुसऱ्या उपग्रहाकडे संदेश पाठवावा लागतो. खारे पाणी रेडिओलहरी झपाट्याने शोषून घेते. अँटेना पाण्याखाली गेली, की निरोप थांबला.

नेमके हेच झाले. २०२१ सालच्या वादळांच्या हंगामात संदेश तुरळक येऊ लागले आणि मग कित्येक महिने बंद पडले. बोट बुडाली, असे कोणालाही वाटले असते. परंतु संदेश नाही म्हणजे बोट नाही, असे सिद्ध होत नाही. ३० जानेवारी २०२२ रोजी अचानक एक संदेश आला, तो नॉर्वेतील स्मोला बेटाजवळून. तेथील सहावीत शिकणाऱ्या एका मुलाला बोट सापडली. डोलकाठी गेली होती, तळ आणि कील खडकांनी हिरावून घेतले होते, अंगभर समुद्री जीव चिकटले होते. पण डेक आणि बंद कप्पा शाबूत होते. त्या मुलाने बोट आपल्या शाळेत नेली आणि राय येथील मुलांचा खाऊचा डबा म्हणावा तसा तो कप्पा नॉर्वेच्या मुलांनी उघडला.

गोष्ट येथे संपवली तर तुम्हांला आवडेल. पण मी भौतिकीचा शिक्षक. मला एक खटकणारा प्रश्न विचारलाच पाहिजे. ही बोट मुलांनी नॉर्वेला पोहोचवली, की ती पोहोचली?

दुसरे उदाहरण पाहा. अमेरिकेतच ऱ्होड आयलंड येथील काही तरुण विद्यार्थ्यांनी ‘स्काउट’ नावाची १३ फुटी बोट बांधली. सौर पट्ट्या, विद्युत मोटर आणि मार्ग राखणारा संगणक, सारे तिच्यावर होते. ऑगस्ट २०१३ मध्ये ती स्पेनकडे निघाली. स्पेन तिने गाठला नाही. मग काय, हुशार बोट हरली आणि बिनडोक बोट जिंकली?

तसे नव्हे. स्काउटला एका ठरलेल्या ठिकाणी जायचे होते. राय रिपटाइड्सला कोठेही लागले तरी चालणार होते. दोघींची परीक्षाच वेगळी. २०१८ साली नॉर्वेच्या एका कंपनीची ‘एसबी मेट’ ही दोन मीटर लांबीची, आपली दिशा आपण राखणारी शिडाची बोट न्यू फाउंडलंडहून आयर्लंडजवळ, ठरवल्याप्रमाणे जाऊन पोहोचली. तेव्हा तेही साधते. पण त्याआधी अनेकांच्या बोटी वाटेत राहिल्या होत्या.

आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी लंबकाचा प्रयोग होतो. उत्तर ९.८ च्या जवळ आले की मुले वही मिटतात. चुकले की वाचने ‘दुरुस्त’ करणारेही असतात! उत्तर जुळले म्हणून प्रयोग नीट झाला असे नव्हे, आणि जुळले नाही म्हणून तो वाया गेला असेही नव्हे. राय येथील मुलांच्या हाती वारा नव्हता, प्रवाह नव्हता, नॉर्वेही नव्हता. त्यांच्या हाती होते ते एवढेच: जड कील, घट्ट झाकण, नीट बसवलेले शीड. बोट बुडाली असती, तरी हे काम तितकेच चांगले ठरले असते.

तेव्हा बाटलीची बोट करा. शीड लावा. गावातल्या तळ्यात सोडण्यापूर्वी, शिक्षकांच्या देखत, ती कोणत्या काठाला किती मिनिटांत लागेल ते वहीत लिहून ठेवा. मग सोडा. अंदाज चुकला, तर तो खोडू नका. त्याच्याखाली एक ओळ सोडून लिहा: ‘असे का झाले असावे?’ खरा प्रवास त्या ओळीपासून सुरू होतो.