आधीच्या भाडेकरूचं पत्र

यवतमाळात शिक्षक, बँक कर्मचारी बदलून जातात, पण जुन्या भाड्याच्या घरी त्यांची पत्रं येत राहतात. पत्ता आपला, म्हणजे पत्रही आपलं, असं अनेकांना वाटतं. ते स्वाभाविक आहे. पण पत्त्याने फक्त जागा कळते. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या पिनकोडातले ४४५ हे आकडे यवतमाळचा टपाल विभाग आणि पुढचे तीन आकडे डाकघर सांगतात. पत्र मात्र प्रापकाचं (ज्याचं नाव लिहिलं आहे त्याचं) असतं. दुसऱ्याचं वासरू आपल्या गोठ्यात शिरलं, म्हणून ते आपलं होत नाही.

त्यामुळे पाकीट फोडू नये आणि फेकूही नये. त्यात कुणाचा नेमणुकीचा आदेश असू शकतो. ‘प्रापक येथे राहत नाही’ असं वर लिहून पोस्टमनकडे परत द्यावं. सही घेऊन द्यायचं पत्र असेल तर सही न करता हेच तोंडी सांगावं. जुन्या भाडेकरूच्या नावे कर्जाची नोटीस आली, तर घरातली माणसं धास्तावतात. घाबरण्याचं कारण नाही: कर्जाची जबाबदारी ते घेणाऱ्यावर आणि जामीनदारावर असते, घराच्या नव्या भाडेकरूवर नाही. घर सोडणाऱ्यानेही बँकेत आणि डाकघरात नवा पत्ता लेखी कळवावा.