ताट-सुरीचा ठेका

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, आणि एकीच्या मोबाइलवर 'गोरे गोरे' हे जुनं गाणं लागलं. 1950 च्या 'समाधी' चित्रपटातलं, लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलेलं. आमच्यातल्या सत्तरीच्या आजीही मान डोलवायला लागल्या. मग विषय निघाला, ही चाल आली कुठून?

संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, तसे आपल्या शेजारचेच. वैजापूरकडून गोदावरी ओलांडली की पुणतांबा. 2017 च्या शेतकरी संपामुळे हे गाव आपल्याला चांगलंच ठाऊक झालं. तिथं 1918 साली त्यांचा जन्म. पण ही चाल त्यांनी परदेशी गाण्यावरून घेतली होती. ते गाणं 1945 च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडच्या सिनेमात कार्मेन मिरांडा या ब्राझीलच्या गायिकेनं म्हटलं होतं. लिहिणारे अमेरिकेचे, नाव पोर्टो रिकोचं, गाणारी ब्राझीलची आणि आपल्याकडे आणणारा पुणतांब्याचा. गाण्याला कुठं तिकीट काढावं लागतं?

या कार्मेनबाईंच्या डोक्यावर फळांचा मुकुट असायचा. जगाला तो नखरा वाटला. पण तो वेश होता बाहिया प्रांतातल्या, डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यावर खाऊ विकणाऱ्या कृष्णवर्णीय बायांचा. यांचे आईबाप, आजेआजी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. ब्राझीलमध्ये गुलामी संपली ती 1888 साली.

बाहियातल्या खेड्यांत अजूनही सांबाचं जुनं रूप टिकून आहे. बाया गोल करून टाळ्या वाजवतात, एकेक जण मधे येऊन नाचते, मग दुसरीला खूण करून बोलावते. वाद्य म्हणाल तर आपल्या खंजिरीसारखं एक, आणि दुसरं काय, तर जेवायचं ताट आणि सुरी! ताटाच्या कडेवर सुरी घासून ठेका धरायचा. आपल्या फेराच्या, झिम्म्याच्या बायांना हे शिकवावं लागणार नाही. 2005 साली युनेस्कोनं या नाचगाण्याला जगाचा वारसा म्हणून मान दिला.

बाहियाच्या बऱ्याच बाया पोटापाण्यासाठी रिओ शहरात गेल्या. त्यांतलीच एक सियाता मावशी. पांढरा घागरा नेसून मिठाई विकायची. तेव्हा पोलीस सांबावाल्यांच्या मागे लागायचे, म्हणून हिच्या घरी पुढच्या खोलीत सभ्य नाच आणि मागच्या अंगणात सांबा. तिथं जमणाऱ्या मंडळींमधूनच एक गाणं तयार झालं. 1916 च्या शेवटी ते नोंदवलं गेलं, पण डोंगा नावाच्या एका वादकाच्या नावावर. ध्वनिमुद्रित झालेला पहिला गाजलेला सांबा म्हणून ते इतिहासात गेलं. मावशीच्या घरची माणसं म्हणत राहिली, हे तर आम्ही सगळ्यांनी मिळून रचलं होतं. वाद झाला, पण कागदावरचं नाव काही बदललं नाही. आज रिओच्या कार्निव्हलमध्ये प्रत्येक सांबा मंडळात या बाहियाच्या मावश्यांची एक तुकडी असावीच लागते. मान मिळाला खरा, पण उशिरा.

हे वाचताना आम्हाला आमचीच गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी एक जण गावात येऊन आमच्या बायांची भुलाबाईची आणि लग्नातली गाणी मोबाइलमध्ये भरून घेऊन गेला. आम्ही चहा पाजला, हौसेनं गायलो. पुढे तीच गाणी यूट्यूबवर दिसली, गायिकांचं एकीचंही नाव नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, लोकगीताला कुठं मालक असतो?

पण हेच काम नीटही करता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'परी' या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं.

म्हणून आम्ही गटाच्या वहीत मागच्या बाजूनं पानं उघडली आहेत. गाणं, गाणारी, गाव, तारीख. मोबाइलवर गाणं भरायच्या आधी वहीत नोंद. पहिलं नाव त्या आजींचं लिहायला घेतलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, हे माझं नाही, माझ्या आईचं हाय." मग दोघींची नावं लिहिली.