बाभुळगावात बसून ओळखा भरतीची वेळ!



आपल्या बाभुळगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीसुद्धा भिंतीवरचं कॅलेंडर पाहून अलिबागला आज भरती केव्हा येणार, हे तुम्ही घरबसल्या सांगू शकता. खोटं वाटतं? मग पुढे वाचा!

समुद्राचं पाणी तीन तऱ्हांनी हलतं : लाटा, प्रवाह आणि भरती-ओहोटी.

लाटा उठवतो वारा. बेंबळा धरणावर वारा सुटला की पाण्यावर छोट्या लाटा धावतात. समुद्रावर तर वाऱ्याला शेकडो किलोमीटरचं मोकळं रान मिळतं, म्हणून तिथल्या लाटा मोठ्या. गंमत अशी, की लाट पुढे जाते. पाणी जवळजवळ जागीच वरखाली होतं. वाऱ्यानं गव्हाचं शेत डोलतं ना, तसंच. लाट या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाते, पण ओंब्या आपल्या जागीच!

प्रवाहात मात्र पाणी खरोखरच दूर वाहत जातं. जणू समुद्रातली नदीच. वारा, पाण्याचं कमीजास्त तापमान आणि खारटपणा यांमुळे प्रवाह तयार होतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वळतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो.

आता भरती-ओहोटी. ही करामत मुख्यतः चंद्राची. चंद्राकडच्या बाजूच्या पाण्याला त्याची ओढ जास्त, तर पलीकडच्या पाण्याला कमी. म्हणून दोन्ही बाजूंना पाणी फुगतं. पृथ्वी फिरत असल्यामुळे आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्यही चंद्राच्या जोडीला येतो आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास येते ती लहान, भांगाची भरती.

मग बेंबळा धरणात भरती का दिसत नाही? धरण लहान. त्याच्या दोन्ही काठांवर चंद्राची ओढ जवळपास सारखीच असते.

चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. यावरूनच कोकणातल्या कोळी बांधवांचा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. आज पंचमी आहे? पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि ओहोटी सहा तास आधी, पावणेदहाला. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून, बरं का!

हा हिशेब नुसता गमतीचा नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. पण परतायला उशीर झाला, तर मधली वाट पाण्याखाली जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दुपारी भरती होती. पावसाच्या पाण्याला समुद्रात शिरायला वाट मिळेना आणि शहर बुडालं.

म्हणून सहलीला कोकणात गेलात, तर पाण्याजवळ जाण्याआधी भरतीची वेळ विचारा. आपला हिशेब अंदाजाचा. तिथल्या माणसांचा शब्द पक्का.

चला तर, आजची तिथी पाहा आणि पाऊणपट करा. काय उत्तर आलं?